मागं कोण लागलंय?

फलटणला पाऊस पडत नाही, अशी बाहेरच्यांची समजूत आहे आणि ती बरीचशी खरी आहे. आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे. तिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथला कार्यक्रम आटोपून ढग आमच्याकडं उतरेपर्यंत त्यांच्यात गडगडण्यापुरताच जीव उरलेला असतो. वर्षाकाठी पाचशेएक मिलिमीटरवर आमची बोळवण होते. त्यामुळं ‘पावसापाण्याचं पळायला कसं जायचं?’ असं महाबळेश्वरच्या माणसानं विचारलं तर त्याची कणव येते. फलटणच्या माणसानं विचारलं तर त्याला पळायचंच नाहीये, एवढं समजून घ्यायचं आणि विषय बदलायचा.

तरीही हा प्रश्न आमच्या गावात जूनपासून फेब्रुवारीपर्यंत रोज पहाटे अंथरुणा-अंथरुणात विचारला जातो. आमचा पाऊस थोडा असला तरी त्याची वेळ मोठी नेमकी असते. पेरणीसाठी सगळा तालुका आभाळाकडं डोळे लावून बसतो तेव्हा तो फिरकत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीच्या वाटेवर, आपण बुटाची नाडी बांधून उंबऱ्यात उभे राहिलो की येतो. २०२५ साली तर त्यानं मे महिन्यातच गाठलं. छत्र्या अजून माळ्यावर होत्या आणि बारामती-फलटणच्या पट्ट्यात ओढे रस्त्यावरून वाहत होते. ऊन फार म्हणून मी पळत नव्हतो, तेवढ्यात पाऊस फार म्हणून पळेनासा झालो. दोन्ही सबबी एकाच आठवड्यात वापरायला मिळण्याचा योग नशीबवानालाच येतो.

फलटणचा माणूस सहसा पळायला लागतो तो रक्ताचा रिपोर्ट हातात पडल्यावर. चहूबाजूंनी ऊस, तालुक्यात साखर कारखाने, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर कागदावर छापून आलेली. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणतात, “चालायला लागा. जमलं तर पळा.” त्यातलं ‘जमलं तर’ पेशंटला ऐकू येत नाही. तो संध्याकाळीच बूट घेऊन घरी येतो. बूट चांगले महागाचे असतात. एवढे पैसे गेल्यावर पाय आपोआप हलतील, असा हिशेब असतो. हा हिशेब पहिल्या पावसात फसतो, कारण एवढे महागाचे बूट कुणी चिखलात घालतं का? आमच्या गल्लीत एकांचे बूट इतके नवे आहेत की पाहुणे आले की ते सोफ्यावरून सहज दिसतील अशा जागी ठेवलेले असतात.

अंधाराचं म्हणाल, तर त्यात आमची काही चूक नाही. देशाचं घड्याळ लावलंय साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे तिकडं मिर्झापूरजवळ. फलटण आहे साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, या हिशेबानं सूर्याला मिर्झापूरहून फलटणला पोचायला अर्धा तास लागतो. जानेवारीत तो सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे पाचला उठणारा फलटणकर सूर्याच्या हिशेबानं साडेचारलाच उठलेला असतो आणि अर्धा तास सरकारला देणगी देत असतो. ही गोष्ट मी घरी नीट समजावून सांगितली. “मग मिर्झापूरला जाऊन पळा,” असं उत्तर मिळालं.

अंधारात पळणाऱ्याला फलटणमध्ये दोन गुरू भेटतात. पहिला म्हणजे कुत्री. दिवसा ज्यांना आपण ‘हाड’ म्हणतो तीच पहाटे हद्दीची मालक असतात. पळण्याच्या शास्त्रात वेगबदलाचा सराव सांगितलेला आहे: थोडं जोरात, मग हळू, मग पुन्हा जोरात. शहरात त्यासाठी पैसे घेऊन शिकवणारे लोक आहेत म्हणे. आमच्याकडं हे काम गल्लीतल्या कुत्र्यांनी बिनपगारी अंगावर घेतलंय. ती शिष्याच्या गुडघ्यांची चौकशी करत नाहीत.

दुसरा गुरू उसाचा ट्रॅक्टर. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रेलर जोडलेली ही धूडं कारखान्याकडं निघतात. ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागं रिफ्लेक्टर असला तर असला. मात्र गाण्याचा आवाज असा की वाहन दिसायच्या आधी गाव ओलांडून पुढं गेलेला असतो. म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनं, वाहनांकडं तोंड करून पळावं. समोरून येणारं निदान दिसतं, एवढाच त्यातला दिलासा. अंगावर चकाकणारी पट्टी असलेलं जाकीट घालावं, असंही सांगतात. मी ते घातलं तेव्हा एका मोटारसायकलवाल्यानं मला रस्त्याच्या कामावरचा माणूस समजून, “हा खड्डा कवा बुजवणार?” असं खडसावून विचारलं. मी “पुढच्या आठवड्यात” म्हणालो. तो समाधानानं गेला.

या ट्रॅक्टरांच्या आगेमागे, थंडीत कुडकुडत, कोयते घेऊन निघालेली ऊसतोडीची माणसं असतात. घरदार सोडून दूरच्या जिल्ह्यांतून आलेली. आपण अंधारात बाहेर पडलो याचं आपल्याला जे काही कौतुक वाटत असतं, ते त्यांच्या गाडीशेजारून जाताना पार उतरतं. एकदा अशाच एका बैलगाडीवरच्या म्हातारीनं मला धापा टाकताना बघितलं आणि खऱ्या काळजीनं विचारलं, “काय वं दादा, कुनी मागं लागलंय का?”

मी नाही म्हणालो. पण पुढचा सगळा रस्ता तो प्रश्न डोक्यातून जाईना. म्हातारीचं बरोबर होतं. सपाटीला, कोरड्या हवेत, सकाळी साडेसातला कुणीही हौसेनं पळेल. अंधारात, गारठ्यात, पाण्यात पळणाऱ्याच्या मागं कुणीतरी लागलेलंच असतं. माझ्या मागं साखर होती. पुढं कोण आहे, कुठलं ध्येय आहे, यावर व्याख्यानं देणारे पुष्कळ आहेत. मागं कोण आहे ते मात्र ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, आणि पाय हलतात ते त्याच्याच भीतीनं.

थंडीच्या बाबतीत आमची फार टिंगल होते. माझा भाचा स्टॉकहोमला असतो. तिथं डिसेंबरात दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. हा बाबा ऑफिसातून सुटून बर्फात पळतो आणि पळून झाल्यावर पापण्यांवर बर्फ साचलेला स्वतःचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो. आम्ही खाली फुलं टाकतो. मी एकदा कानटोपीतला माझा फोटो टाकून ‘आज फार गारठा’ असं लिहिलं, तर त्यानं विचारलं, “मामा, किती?” अकरा अंश, असं लिहिताना माझा अंगठा अडखळला. पण त्याला एक कळत नाही. त्याच्या घराला भिंतीत ऊब खेळवलेली आहे. आमची घरं मे महिन्याशी लढायला बांधलेली. डिसेंबरात त्यांतल्या फरशीवर अनवाणी पाय टेकवणं हेच अर्धं शौर्य, उरलेलं अर्धं कालव्याकाठी लागतं. निरा उजव्या कालव्याच्या कडेनं, भिजवलेल्या उसाच्या रानातून जो गारवा येतो तो थर्मामीटरला कळत नाही. तो थेट कानात शिरतो.

त्यावर घरचा उपाय म्हणजे कपडे. मी दारातून बाहेर पडतो तेव्हा बनियन, शर्ट, स्वेटर, त्यावर मफलर, त्यावर कानटोपी असा बंदोबस्त झालेला असतो. गंमत अशी की पळताना स्नायू जेवढी शक्ती खर्च करतात त्यातली तीन चतुर्थांशाच्या आसपास नुसती उष्णता होऊन बाहेर पडते. पाय पुढं न्यायला लागते ती उरलेली. म्हणजे पळणारा माणूस ही मुळात शेगडी आहे, थोडंफार अंतर कापते इतकंच. म्हणून जाणकार सांगतात, घरातून निघताना जरा थंडी वाजली पाहिजे, दहा मिनिटांनी बरं वाटतं. हे शास्त्र आमच्या घरात चालत नाही. तेव्हा मी कोपऱ्यापर्यंत सगळं घालून जातो, तिथल्या बंद टपरीच्या खिळ्याला स्वेटर-मफलर अडकवतो आणि परतताना पुन्हा चढवून, घामेजलेल्या अवस्थेत, शहाण्या मुलासारखा घरात शिरतो.

ओल्याचं प्रकरण मात्र खरंच अवघड आहे. आमची काळी माती पिकाला चांगली आणि बुटाला वाईट. कच्च्या रस्त्यावर शे-दोनशे पावलं टाकली की चिखल तळव्याला धरतो आणि माणूस दोन बोटं उंच होतो. आणखी थोडं गेलं की एका पायाचा चिखल गळून पडतो, दुसऱ्याचा राहतो, आणि आपण लंगडत पळतोय की पळत लंगडतोय ते बघणाऱ्याला ठरवता येत नाही. सुती बनियन भिजलं की अंगाला चिकटून सगळी ऊब शोषून घेतं आणि काखेत काचतं. तिथं व्हॅसलीन लावून निघावं. मोबाईल दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालावा. चष्मेवाल्यानं पुढं झाप असलेली टोपी घालावी, नाहीतर ट्रॅक्टर आणि देऊळ यांत फरक कळत नाही. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले की दुसऱ्या दिवशीपर्यंत ते पुष्कळ सुकतात. मोठ्या पेपराच्या रविवारच्या पुरवण्या या कामी उत्तम, त्यांत मजकूर कमी आणि कागद जास्त असतो.

पण हे सगळं विकत आणून, वाचून, लावून मी कालव्यावर पोचलो त्या दिवशी तिथं एक मेंढपाळ बाबा घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन पावसात निवांत उभे होते. भिजल्यावरही ऊब धरते ती लोकर, हे शोधायला त्यांना कुठल्या कंपनीची गरज पडली नव्हती. त्यांच्या मेंढ्याही लोकरीतच होत्या. सगळ्या कळपात कुडकुडणारा मी एकटाच होतो. “पळून पळून जायाचं कुठं?” त्यांनी विचारलं. “परत इथंच,” मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि मेंढरांकडं बघितलं. मेंढरांनाही ते पटलेलं दिसलं नाही.

खरं पळणं बघायचं असेल तर आमच्या भरतीच्या पोरापोरींकडं बघावं. सातारा जिल्ह्यात फौज आणि पोलीस या घराघरांतल्या नोकऱ्या. पोलीस भरतीची मैदानी परीक्षा ५० गुणांची: पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, त्याला २० गुण, शंभर मीटर आणि गोळाफेक, प्रत्येकी १५. सोळाशे मीटरला पाच मिनिटं दहा सेकंदांच्या वर काटा सरकायला लागला की गुण गळायला लागतात. या पोरांना ‘आज पळावंसं वाटतंय का?’ असं कुणी विचारत नाही. २०२४ सालच्या भरतीत सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले, म्हणजे एका जागेमागं शंभर. मैदानी चाचण्या सुरू झाल्या १९ जूनला, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, आणि ठिकठिकाणी मैदानात पाणी साचून तारखा पुढं गेल्या. ज्याची परीक्षाच पावसात असते त्याला पावसाची सबब सांगून कसं चालेल? ही पोरं आमच्या शेजारून जातात तेव्हा बुटांचा आवाज येत नाही, नुसता वारा लागतो. त्यांच्या मागं वयाची अट लागलेली आहे, आणि साखरेपेक्षा ती जोरात पळते.

शेजारच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांचं उदाहरण आमच्याकडं सगळ्यांना तोंडपाठ आहे. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून त्या दहाव्या आल्या, आणि त्याआधीच्या फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. या शर्यतीत अडथळे असतात आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारायची असते. माण हा टँकरची वाट बघणारा तालुका. पाण्याचं दर्शन दुर्मीळ असलेल्या मुलखातल्या मुलीनं सात-सात वेळा पाण्यावरून उडी मारून जायचं, हा विनोद नियतीनं केला आहे. मी त्यात भर घालत नाही.

आमच्या फलटण तालुक्याचं उदाहरण सरडे गावच्या प्रवीण जाधव यांचं. शाळेत असताना त्यांची सुरुवात पळण्यापासून झाली, पुढं ते तिरंदाजीकडं वळले आणि टोकियो ऑलिंपिकला गेले. हे उदाहरण आमच्या घरात वेगळ्या अर्थानं दिलं जातं. “बघा, एका जागी उभं राहूनही ऑलिंपिकला जाता येतं,” असं मला पावसाळी पहाटे पांघरुणातून ऐकवण्यात येतं.

जुना दाखला हवा असेल तर बेळगावकडचे फडेप्पा चौगुले आहेत. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी पळणारी शेतकरी पोरं बघून दोराबजी टाटांच्या मनात आलं, की ही ऑलिंपिकला का जाऊ नयेत. पुढच्या वर्षी चौगुले बेल्जियममधल्या अँटवर्पला मॅरेथॉन पळाले. ती होती ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यांत लांब. आपल्या ऊन-मातीत वाढलेला हा गडी तिथल्या गार, ओल्या हवेत एकोणिसावा आला. त्यांच्या घड्याळानं त्या रात्री त्यांना ‘आज विश्रांती घ्या’ असं सुचवलं नव्हतं. माझं सुचवतं. मुलीनं भेट दिलेलं आहे, मनगटावर बसून ते रात्रभर माझी झोप मोजतं आणि पहाटे माझ्याच बाजूनं बोलतं. घरात माझ्या बाजूनं बोलणारं ते एकटंच आहे म्हणून मी ते काढत नाही.

आता साताऱ्याची हिल मॅरेथॉन. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जायचं आणि परत यायचं, २१ किलोमीटर, धुक्यात आणि बहुधा पावसात. हजारो लोक पैसे भरून ते करतात, दूरदूरच्या शहरांतून येऊन करतात. आम्ही फलटणकर तिथं एक दिवस बेभान पळतो, पदक गळ्यात घालून फोटो काढतो, आणि मग त्या फोटोवर पुढचा सगळा पावसाळा काढतो. पैसे भरून भिजायचं म्हटलं की पाऊस आवडतो. फुकटचा पाऊस अंगावर घ्यायचं मात्र जिवावर येतं.

आणि दर आषाढीच्या आधी माउलींची पालखी येते, तेव्हा तर आमच्या तोंडाला कुलूपच लागतं. तरडगावच्या अलीकडं चांदोबाचा लिंब इथं पहिलं उभं रिंगण होतं, मग पालखी फलटणला विमानतळावर उतरते. हे आमचं विमानतळ. विमानं नाहीत, पण माणसं उतरतात, आणि एकदम लाखांनी उतरतात. सत्तरीच्या बाया डोक्यावर तुळस घेऊन, प्लास्टिकचा कागद पांघरून आळंदीपासून चालत आलेल्या असतात. पुढं वेळापूरजवळ तर सगळे मिळून पळतात, त्याला धावाच म्हणतात. त्यांच्या मागं कुणी लागलेलं नाही. माझ्या सगळ्या सिद्धांताला हा एकच अपवाद आणि तो दर वर्षी दाराशी येऊन उभा राहतो. मी एका आजींना विचारलं होतं, एवढ्या पावसात कसं जमतं? त्या म्हणाल्या, “च्या हाय का?”

उरलेल्या अकरा महिन्यांसाठी मात्र आम्हाला सुभेदार लागतात. सुभेदारसाहेब फौजेतून निवृत्त झालेले, आमच्या पुढच्या गल्लीत राहतात. ते कुणाला पळा म्हणत नाहीत. कुणाला बोलावत नाहीत, ग्रुपवर सूर्योदयाची चित्रं टाकत नाहीत. ते फक्त दिवसभरात कुठंतरी भेटतात. मंडईत, बँकेच्या रांगेत, श्रीराम मंदिरात, लग्नाच्या पंगतीत. आणि चार लोकांत, खणखणीत आवाजात, एवढंच विचारतात, “काय, सकाळी दिसला नाहीत?” त्यावर पाऊस होता असं सांगता येत नाही, कारण ते पावसात होते. थंडी होती असं सांगता येत नाही, कारण ते सियाचीनच्या बाजूला राहून आलेत. अंधार होता म्हणावं तर ते नुसतं हसतात. मी एकदा पाय मुरगळल्याचं सांगितलं, तर संध्याकाळी ते तेलाची बाटली घेऊन घरी आले. त्यांच्यासमोर मी जिना सराईतपणे उतरून आलो होतो. त्यानंतर मी सबबी सांगणं सोडलं आणि पळायला लागलो, ते कमी त्रासाचं होतं.

तेव्हा पावसाळ्यात, थंडीत नेटानं पळायचं असेल तर भिंतीवर सुविचार लावू नका, महागाचे बूट घेऊ नका. आपल्या गल्लीत सुभेदार शोधा. फौजेतलाच हवा असं नाही. निवृत्त हेडमास्तर चालतात, कंपाउंडर चालतो, खवचट व्याही मिळाला तर सोन्याहून पिवळं. फक्त तो चारचौघांत विचारणारा असावा. आणि फलटणला पाहुणे म्हणून आलात तर पहाटे सव्वापाचला विमानतळावर या. टॉर्च आणा. कुत्र्यांना मात्र कृपा करून बिस्किटं घालू नका, ती जवळ येऊन बसतात आणि आमचा वेग कमी होतो.